निकाल पाहून शहाणे होणारे

सिॲटलमध्ये नोकरी करणारा माझा भाचा दर फेब्रुवारीत फोनवर एक वाक्य हमखास ऐकवतो, "मामू, बॉल लिंचला द्यायला हवा होता." त्या सामन्याला दहा वर्षं उलटली. भाच्याचं लग्न झालं, मुलं शाळेत जायला लागली, पण वाक्य काही बदललं नाही. त्याचा राग एका माणसावर आहे, डॅरेल बेव्हेलवर. हा राग त्याच्या एकट्याचा नाही, अर्ध्या अमेरिकेने तो काढला आहे. मला आज स्पष्ट म्हणायचं आहे की हा राग अन्यायाचा आहे, आणि ज्या पद्धतीने हा निवाडा झाला ती पद्धत तर सरळसरळ बेइमानीची आहे.

आपल्यातल्या बहुतेकांचा अमेरिकन फुटबॉलशी संबंध आला तो एका व्हिडिओमुळे. सप्टेंबर २०१४ मध्ये कॅन्सस सिटीच्या हुसेन अब्दुल्लाने टॉम ब्रेडीचा पास मधेच पकडला, थेट शेवटच्या रेषेपलीकडे नेला आणि तिथेच सजदा केला. पंचांनी त्याच्या संघाला दंड ठोठावला. दुसऱ्या दिवशी लीगनेच मान्य केलं की तो दंड व्हायला नको होता. तेव्हा आपण सगळ्यांनी तो व्हिडिओ एकमेकांना पाठवला आणि खेळ विसरून गेलो. मी ज्या सामन्याबद्दल बोलतो आहे, तो त्याच हंगामाचा अंतिम सामना.

आधी खेळ थोडक्यात. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाआधी ठरवावं लागतं की चेंडू हातात घेऊन धावायचं की फेकायचा, कोणी कुठून पळायचं, कोणी कोणाला अडवायचं. हे ठरवणाऱ्याला बहुतेक संघांत ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणतात. त्याचा निर्णय क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या स्पीकरवर जातो, आणि प्ले क्लॉकवर पंधरा सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. म्हणजे हातात काही सेकंद, समोर अकरा माणसं, आणि डोक्यावर साऱ्या शहराची अपेक्षा. सामना संपल्यावर त्याच्या प्रत्येक निर्णयाची चिरफाड करायला मात्र चाहत्यांकडे उभा जन्म असतो.

१ फेब्रुवारी २०१५, ॲरिझोनातलं ग्लेनडेल. न्यू इंग्लंड पेट्रियट्स २८, सिॲटल सीहॉक्स २४. सिॲटलकडे चेंडू, आणि मार्शॉन लिंच नुकताच चार यार्ड धावून रेषेपासून एका यार्डावर येऊन पडलेला. लिंच म्हणजे तीन-चार जण अंगावर घेऊन पुढे जाणारा गडी. घड्याळात २६ सेकंद, तीन प्रयत्न बाकी, टाइमआउट एकच. फील्ड गोलचे तीन गुण मिळून उपयोग नव्हता, टचडाउनच हवा होता. आणि सिॲटलने पास टाकला. रसेल विल्सनने फेकलेला चेंडू रिकार्डो लॉकेटपर्यंत पोहोचण्याआधी माल्कम बटलर नावाच्या नवख्या खेळाडूने झडप घालून पकडला. सामना तिथेच संपला.

टीव्हीवरच्या समालोचकाने त्याच क्षणी नवल बोलून दाखवलं. सकाळपर्यंत ‘सुपर बोलच्या इतिहासातला सर्वांत वाईट निर्णय’ असा शिक्का बसला होता. मुख्य प्रशिक्षक पीट कॅरोल यांनी जबाबदारी स्वतःवर घेतली, तरी लोकांनी बेव्हेलला सोडलं नाही. बैल गेल्यावर झोपा करणारे हजारो निघाले, आणि प्रत्येकाला झोपा कुठे करायचा हे आधीपासूनच माहीत होतं म्हणे!

आता चेंडू सुटण्याआधीची परिस्थिती पाहू या. तीन प्रयत्न आणि एकच टाइमआउट. धावणारा पकडला गेला तर घड्याळ चालूच राहतं. पास हुकून जमिनीवर पडला तर घड्याळ थांबतं. पहिल्यांदा धावून फसलात, तर टाइमआउट खर्च. दुसऱ्यांदाही धावून फसलात, तर धडपडत उठून रांगेत उभं राहीपर्यंत वेळ संपण्याची भीती. तिन्ही प्रयत्न नीट हवे असतील तर त्यांतला एक पास असणं शहाणपणाचं होतं. तो दुसऱ्या प्रयत्नात टाकायचा की तिसऱ्या, एवढाच खरा प्रश्न. शिवाय न्यू इंग्लंडने धाव रोखायला धिप्पाड गडी मैदानात उतरवले होते.

"पण लिंच!" भाचा म्हणतो. ठीक आहे. त्या हंगामात एका यार्डावरून लिंचला पाच वेळा चेंडू दिला गेला होता, आणि टचडाउन झाला होता एकदा. पाच हा आकडा लहान आहे, त्यावर मी इमारत बांधणार नाही. पण ‘लिंचला दिला असता की जिंकलोच असतो’ ही इमारत तर पायाशिवायच उभी आहे. दुसरीकडे, त्या हंगामात साऱ्या लीगमध्ये एका यार्डावरून शंभराहून जास्त पास टाकले गेले होते, आणि बटलरच्या आधी त्यांतला एकही प्रतिस्पर्ध्याने पकडला नव्हता. एकही नाही. ज्या धोक्याबद्दल बेव्हेलला मूर्ख ठरवलं, तो धोका त्या रात्रीपर्यंत जवळपास कागदावरचाच होता.

आणि बटलर? ड्राफ्टमध्ये कोणत्याही संघाने न निवडलेला, वेस्ट अलाबामासारख्या छोट्या विद्यापीठातून आलेला मुलगा. त्याच आठवड्यात सरावात हीच चाल त्याच्यावर खेळली गेली होती, तो फसला होता, आणि ती चूक त्याने लक्षात ठेवली होती. चूक करू दिली म्हणून तो शिकला. चाहत्यांच्या कथेत मात्र बटलर नाहीच. जणू समोर माणसं नव्हती, बेव्हेल एकटाच स्वतःशी हरला. हारणाऱ्याला शिव्या घालण्याच्या नादात आपण जिंकणाऱ्याचा हक्कही खातो.

आता तीन वर्षं पुढे. ४ फेब्रुवारी २०१८, पुन्हा अंतिम सामना, पुन्हा समोर न्यू इंग्लंड, पुन्हा रेषा एका यार्डावर. या वेळी फिलाडेल्फिया ईगल्स, चौथा म्हणजे शेवटचा प्रयत्न, मध्यांतराला ३८ सेकंद बाकी. फील्ड गोल मारून तीन गुण सहज मिळाले असते. त्याऐवजी प्रशिक्षक डग पीडरसन यांनी अशी चाल मंजूर केली की चेंडू दोन हातांतून फिरून शेवटी ट्रे बर्टनकडे गेला, आणि त्याने तो क्वार्टरबॅक निक फोल्सकडेच फेकला. ज्याचं काम फेकायचं, त्याने झेलायचा! फोल्सने झेलला. ईगल्स ४१-३३ असे जिंकले. आज फिलाडेल्फियाच्या स्टेडियमबाहेर फोल्स आणि पीडरसन यांचा पुतळा उभा आहे.

त्याच सामन्यात, त्याच्या थोडं आधी, न्यू इंग्लंडनेही आपल्या क्वार्टरबॅककडे पास फेकला होता. ब्रेडीच्या बोटांना लागून तो खाली पडला. एकाचा झेल सुटला, एकाचा बसला. फोल्सचा सुटला असता तर? तर पुतळ्याच्या जागी पीडरसनच्या नावाने शिमगा झाला असता, ‘सोपे तीन गुण सोडून सर्कस केली’ म्हणून. निर्णय तोच, माणूस तोच, फक्त चेंडू बोटभर इकडे की तिकडे. त्या बोटभर अंतरावर एकाला अक्कलवंत आणि दुसऱ्याला बेअक्कल ठरवायचं, याला मी परीक्षण मानत नाही. हा चढत्या सूर्याला सलाम आहे.

गंमत म्हणजे ही खोड मोजून दाखवणारे दोघे त्याच फिलाडेल्फियातले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी १९८८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांना डॉक्टरच्या निर्णयासारखे प्रसंग दिले होते. माहिती सारखीच, फक्त शेवट वेगळा, रुग्ण वाचला किंवा दगावला. शेवट चांगला असला की लोक त्याच निर्णयाला जास्त चांगला म्हणत. विचारलं तर कबूल करत की शेवटावरून निर्णय जोखू नये, आणि तरी तसाच जोखत. चाहत्यांचं हेच आहे. कळतं, पण वळत नाही.

कोणी म्हणेल, चाहता तिकिटाचे पैसे देतो, त्याने बोलायचं नाही का? जरूर बोलावं. बेव्हेलला प्रश्न विचारता येतील, आणि ते चांगले प्रश्न आहेत. पास टाकायचाच होता तर गर्दीच्या मधोमध का? बाजूच्या कोपऱ्यात उंच का नाही, की जो एक तर आपल्या माणसाला मिळेल नाहीतर बाहेर जाईल? विल्सन पळण्यात तरबेज होता, त्याला एका बाजूला पळवत नेऊन पास किंवा धाव यांतलं एक निवडायला का नाही सांगितलं? लिंचच्या धावेनंतर घड्याळ २६ सेकंदांपर्यंत का उतरू दिलं? हे प्रश्न चेंडू सुटण्याआधीही विचारता आले असते, म्हणून ते न्याय्य आहेत. माझी अट एवढीच आहे. जी टीका पास झेलला गेला असता तरी तुम्ही केली असती, तीच टीका. बाकीचा आरडाओरडा हा निकालाचा प्रतिध्वनी आहे.

काहींनी तर नियतीवरच बोट ठेवलं. पत्रकारांशी फटकून वागणाऱ्या लिंचला नायक होऊ द्यायचं नव्हतं, म्हणून पास टाकला, अशी कुजबुज निघाली. पुरावा शून्य. याला आपल्याकडे बदगुमानी म्हणतात, आणि कुरआनने तिच्यापासून लांब राहायला बजावलं आहे. माणसाच्या दिलातलं अल्लाह जाणतो. निदान तेवढं खातं तरी चाहत्यांनी स्वतःकडे घेऊ नये.

बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही संग्रहांत असलेली एक हदीस आपण जुम्म्याच्या बयानात अनेकदा ऐकतो. हाकिमाने पूर्ण मेहनतीने इज्तिहाद केला आणि निर्णय बरोबर ठरला तर त्याला दोन अज्र, चुकला तरी एक. चुकणाऱ्यालाही एक! कारण मोल मेहनतीचं आहे, विचाराचं आहे. खेळाच्या मैदानाची तुलना मी दीनशी करत नाही, अस्तगफिरुल्लाह. पण न्याय कसा करावा याचा जो धडा आपल्याला दिला आहे, तो फक्त मशिदीत वापरायचा का? उहुदच्या आधी रसूलुल्लाह (स.) यांचं मत मदीनेत थांबून लढावं असं होतं. मशवऱ्यात बाहेर पडण्याचा आग्रह झाला, तो त्यांनी मानला, आणि पुढे मुसलमानांना मोठा फटका बसला. त्यानंतर सूरह आले-इमरानमध्ये हुकूम काय आला? यांना माफ करा, आणि यांचा मशवरा घेत राहा. फटका बसला म्हणून मशवऱ्याची वाटच चुकीची, असं ठरवलं गेलं नाही.

निकालावरून माणसाला सोलून काढल्याने नुकसान काय होतं, तेही पाहू. बर्कलीचे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी २००६ मध्ये दाखवून दिलं की चौथ्या प्रयत्नात संघ गरजेपेक्षा फार जास्त वेळा चेंडू लाथाडून मोकळे होतात, जिथे धाडस करणं फायद्याचं असतं तिथेही. मला यामागे भीती दिसते. लाथाडून हरलात तर कोणी नाव घेत नाही, धाडस करून हरलात तर नाव कायमचं चिकटतं. चाहतेच प्रशिक्षकाला भित्रा बनवतात आणि मग ‘आमचा संघ भित्रा खेळतो’ म्हणून रडतात.

हे मला इतकं का लागतं, तेही सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या उर्दू माध्यमाच्या एका मुलीने मराठीच्या परीक्षेत गाइडमधला निबंध न लिहिता स्वतःचा लिहिला. पाऊस, गळणारं घर, अब्बूंनी रात्रभर बदललेली भांडी. लिंगवचनाच्या चुका होत्या, मार्क कमी पडले. मी तिला म्हणालो, "गाइडमधलाच लिहायचा होतास." तिने मान हलवली. त्यानंतर वर्षभर तिने गाइडमधलेच निबंध लिहिले, मार्क चांगले पडले, आणि एकही वाक्य तिचं नव्हतं. बी.एड.ला मी मूल्यमापनाचा पेपर दिला होता. पायऱ्यांना मार्क द्यावेत, फक्त उत्तराला नव्हे, हे पानभर लिहून आलो होतो. प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा मीही स्टेडियममधला चाहता निघालो.

बेव्हेल त्या सामन्यानंतर आणखी तीन हंगाम सिॲटलमध्ये टिकला. जानेवारी २०१८ मध्ये त्याला काढलं. त्यामागे इतर कारणंही असतील, पण त्याचं नाव निघालं की लोकांना आजही तो एकच पास आठवतो. अशी बाकीची हजारो चालींची मेहनत एका झडपेत पुसली जाते.

यंदाही भाच्याचा फोन येईल. मी त्याला एकच विचारणार आहे, "बेटा, बटलरच्या हातून तो चेंडू सुटून लॉकेटला मिळाला असता, तर तू बेव्हेलला काय म्हणाला असतास?" उत्तराआधी तो क्षणभर जरी थांबला, तरी मला पुरे आहे.