वीसपैकी वीस

पालकसभेत दर वर्षी एक वाक्य हमखास ऐकू यायचं. बोलणारा बदलायचा, वाक्य तेच. "सर, संस्कारांचं आम्ही घरी बघतो. तुम्ही फक्त मार्कांचं बघा." म्हणणारा माणूस वाईट नसे. कुणी विकास सोसायटीत सचिव, कुणी एसटीत कंडक्टर, कुणाची दोन एकर बागायत. पोरानं आपल्यापेक्षा चार पायऱ्या वर जावं, एवढंच त्याचं मागणं. त्या मागण्यामागं एक रीतसर विचारही असतो. शाळा ज्ञान देते, कौशल्य देते. चारित्र्य घरातून आणि गावातून येतं. शिक्षकानं त्यात नाक खुपसू नये, कारण एकाचा संस्कार म्हणजे दुसऱ्याचा उपद्रव.

हा पूर्वपक्ष मला हसण्यावारी नेता येत नाही. त्यातला शेवटचा मुद्दा तर खराच आहे. चारित्र्य घडवायला निघालेल्या मंडळींनी पोरांच्या डब्यात काय आहे ते हुंगून पाहिलेलं आणि मुलींनी किती मोठ्यानं हसावं हे ठरवलेलं मी पाहिलं आहे. तरीही हा पक्ष टिकत नाही. शाळेनं कितीही ठरवलं तरी तिला "फक्त मार्कांचं" बघताच येत नाही, कारण मार्क देणं हाच मुळात नीतीचा व्यवहार आहे.

दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांत शंभरपैकी वीस गुण शाळेनं आपल्या हातानं द्यायचे असत. मार्च २०१९च्या परीक्षेला ते काढून टाकले. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, वीस गुण परत आले आणि २०२०चा निकाल ९५.३० टक्के लागला. न्यायानं बोलायचं तर २०१९ला अभ्यासक्रम नवा होता आणि २०२०ला करोनामुळं भूगोलाचा पेपरच झाला नाही. सगळा फरक त्या वीस गुणांच्या माथी मारता येणार नाही. पण हे गुण कसे दिले जातात ते कुठल्याही स्टाफरूमला विचारा. अठराच्या खाली कुणाला घालायचं नाही, असा अलिखित ठराव असतो. शेजारची शाळा वीस देते, मग आपल्याच पोरांनी काय पाप केलंय, हा त्यामागचा युक्तिवाद. तोंडी परीक्षा कधी होते, कधी होत नाही; तक्ता मात्र सह्यांसकट वेळेवर पोचतो.

आणि मुलांना हे सगळं ठाऊक असतं. ज्याला चार ओळी नीट वाचता येत नाहीत तो, आणि वर्षभर खपून स्वाध्यायाची वही पुरी करणारी मुलगी, दोघांच्याही नावापुढं एकोणीस. हे दोघं त्या दिवशी काय शिकले? तो शिकला, की काम न करताही भागतं. ती शिकली, की काम करून काही फरक पडत नाही. हा धडा कुठल्याही पुस्तकात नव्हता, पण जन्मभर विसरला न जाणारा तेवढाच होता. सोळा वर्षांच्या पोराला शाळेनं आपल्या शिक्क्यानिशी सांगितलं, की कागदावरचं खोटं हे खोटं नसतं. पुढं हेच पोर कुठल्या तरी ऑफिसात न झालेल्या कामाचं बिल पास करतं, तेव्हा आपण म्हणतो, घरचे संस्कार कमी पडले.

दुसरा पक्ष याच्या बरोबर उलट टोकाचा. चारित्र्य बिघडलंय ना, मग त्याचा तास लावा. आपल्याकडं मूल्यशिक्षण आलं ते असंच. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता: दहा मूल्यं. यादीत नाव ठेवायला जागा नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन आणि स्त्री-पुरुष समानता त्यात घालणाऱ्यांना मी मनापासून दाद देतो. ही मूल्यं परिपाठातून रुजवायची होती. पण आमच्याकडं वक्तशीरपणाचा परिपाठ दहा मिनिटं उशिरा सुरू व्हायचा. स्त्री-पुरुष समानतेवर भाषण झालं की पाहुण्यांचा चहा करायला दोन मुलींना पाठवलं जायचं. एका परीक्षाकेंद्रावर पर्यवेक्षक म्हणून गेलो होतो. फळ्यावर सुवाच्य अक्षरात सत्याचा महिमा सांगणारा सुविचार, आणि खिडकीखाली गाईडची फाडलेली पानं. माझ्या जोडीचे शिक्षक वर्गाला म्हणाले, "पोरांनो, जरा हळू बोला." भरारी पथक येणार अशी वर्दी लागली तेव्हा फळा पुसायची गरज कुणालाच वाटली नाही. सुविचार कुणाच्या आड येतच नव्हता.

मूल्यांचा तास निरुपयोगी आहे एवढंच म्हणून मी थांबलो असतो, पण तो घातकही आहे. चांगलं बोलायची जागा वेगळी आणि वागायची वेगळी, ही सवय तिथंच लागते. पुढच्या आयुष्यात ज्याला आपण ढोंग म्हणतो त्याची तालीम सकाळी पावणेअकराला, प्रार्थनेनंतर होते.

तिसरा पक्ष भूतकाळात रमणारा. पूर्वी गुरुकुलात चारित्र्य घडत होतं, मेकॉलेनं सगळा घोटाळा केला. याच्या पुष्ट्यर्थ मेकॉलेचं एक भाषण मोबाइलवरून फिरतं. भारतात मला एकही भिकारी, एकही चोर दिसला नाही, तेव्हा या देशाचा कणा मोडायला हवा, असं तो २ फेब्रुवारी १८३५ला ब्रिटिश संसदेत म्हणाल्याचं त्यात सांगितलेलं असतं. त्या तारखेला मेकॉले हिंदुस्थानात होता. त्या तारखेचं त्याचं शिक्षणविषयक टिपण प्रसिद्ध आहे. आपल्या ग्रंथांविषयी त्यात पुरेसा तुच्छतेचा सूर आहे, पण हा मजकूर त्यात नाही. नीतिमत्तेचा ऱ्हास सिद्ध करायला आपण खोटं अवतरण पुढं ढकलतो, आणि ढकलणाऱ्यांत शिक्षकांची संख्या कमी नाही. गुरुकुलाबद्दल म्हणाल, तर एकलव्याची गोष्ट आपण गुरुभक्तीचा धडा म्हणून शिकवतो. त्या गोष्टीत चारित्र्य दिसतं ते शिष्याचं. गुरूच्या चारित्र्याचं काय, हा प्रश्न मुलानं विचारलाच, तर "पुढचा धडा काढा" म्हणून आपण मोकळे होतो.

मग चारित्र्य येतं कुठून? जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'च्या आरंभी घातलेली साखळी शाळेच्या भिंतींवर रंगवलेली असते. मुलं ती घोकतात, पण तिच्या क्रमाकडं फार थोड्यांचं लक्ष जातं. विद्या गेली की थेट पैसा जातो, असं तिथं नाही. विद्येमागोमाग मती, मतीमागोमाग नीती, मग गती, आणि पैसा त्याही नंतर. आजचा पालक या साखळीची दोन टोकं तेवढी धरतो आणि मधले दुवे गळले तरी ओळ जुळेल असं समजतो. मूल्यशिक्षणवाला मती गाळून नीती आणायला बघतो. जोतीरावांनी नीती मतीच्या पोटी घातली. स्वतःच्या डोक्यानं तपासून घेण्याची कुवत नसेल, तर जिला आपण नीती म्हणतो ती नुसती आज्ञाधारकता असते, आणि आज्ञाधारक माणूस चोराच्याही आज्ञा पाळतो. याच जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं निवेदन देताना, रयतेच्या पैशानं वरच्या वर्गाला शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपेल, या सरकारी भ्रमाची झाडाझडती घेतली होती. शिकलेल्यांनी न शिकलेल्यांसाठी काय केलं, हा त्या निवेदनातला सल. शिक्षणाचा तो खरा ताळेबंद होता.

मती आणि नीती एकाच ताटात कशा वाढायच्या याचं उत्तर साताऱ्यात सापडतं. भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते. १९१९ साली काले इथं त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं आणि त्यात सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली ठेवली. समतेवर तिथं रोज प्रवचन होत नव्हतं. पाणी कुणी भरायचं, भाकरी कुणी थापायच्या, भांडी कुणी घासायची, याच्या पाळ्या होत्या, आणि पाळी जात विचारत नव्हती. ज्याच्या हातची भाकरी रोज खायची त्याला शिवायचं नाही, हे शक्यच नव्हतं. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई जैन घरातल्या, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. त्यांनी या पोरांना आईच्या मायेनं सांभाळलं आणि धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. १९३० साली त्या गेल्या. पुढं १९४०ला सयाजीराव हायस्कूल निघालं ते "कमवा आणि शिका" याच तत्त्वावर: शिक्षण फुकट नव्हे, मेहनतीनं मिळवलेलं. फुकट मिळालेल्या शिक्षणाचं ओझं वाटतं, हे भाऊरावांनी ओळखलं होतं. घाम गाळून मिळवलेलं शिक्षण माणूस वापरताना विचार करतो.

यावर काही जण आक्षेप घेतील. ते दिवस गेले. आज मुलाच्या हातात झाडू दिला तर त्याचा व्हिडिओ निघतो आणि मुख्याध्यापकांना नोटीस येते. खरं आहे, आणि पुष्कळदा ती नोटीस योग्यही असते. कारण झाडू कुणाच्या हातात दिला ते पाहावं लागतं. वर्षभर त्याच तीन वस्त्यांतल्या पोरांनी मुताऱ्या धुवायच्या आणि बाकीच्यांनी "श्रमप्रतिष्ठा" या विषयावर निबंध लिहायचा, हे शिक्षण नव्हेच. पाळीत सगळे असतील, सरपंचाचा नातू असेल, मुख्याध्यापक स्वतः सोमवारी असतील, तर त्या झाडूला कुणी नावं ठेवणार नाही. अमळनेरच्या वसतिगृहात साने गुरुजी पोरांच्या अस्ताव्यस्त खोल्या स्वतः आवरून ठेवत, आणि त्याला कुणी मूल्यशिक्षण म्हणत नव्हतं.

हे मी ज्या तोऱ्यात लिहितोय तो मला शोभत नाही, हेही सांगून टाकतो. नोकरीच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. "फक्त मार्कांचं बघा" म्हणणाऱ्यांपैकी एक गृहस्थ तक्ता भरायच्या दिवशी आले. त्यांच्या मुलाला मी तेरा देणार होतो. त्याची वही अर्धी कोरी होती आणि तोंडी परीक्षेला तो प्रामाणिकपणे "येत नाही" म्हणाला होता. गृहस्थ काही वाईट बोलले नाहीत. बाकी सगळ्यांना एकोणीस-वीस मिळतायत, माझ्याच पोराचं नुकसान कशाला, एवढंच म्हणाले. मी वीस केले.

आठवड्यानं पोरगं व्हरांड्यात भेटलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणालं, "सर, माझी वही तर अर्धीच होती." मी म्हटलं, जा, तास सुरू झालाय.