तुलना थांबवू या, भावंडे जोडू या

बाळाच्या नामकरणाला पाहुणे जमतात. कोणीतरी तीन वर्षांच्या ताईला गमतीने म्हणते, "आता तुझे लाड संपले बरं का!" आपण सगळे हसतो. त्या मुलीला मात्र ते खरे वाटते. पुढे ती पुन्हा अंथरूण ओले करते, बोबडे बोलते, अंगठा चोखते, संधी मिळताच बाळाला चिमटा काढते. आपण म्हणतो, "द्वाड झाली." आमच्या मते ती द्वाड नाही, घाबरली आहे. आईबाबा आता आपले राहिले नाहीत, ही ती भीती. ती स्वाभाविक आहे. तिचे वैर होऊ द्यायचे की नाही, हे बऱ्याच अंशी मोठ्यांच्या हातात असते.

हे वैर वाढवणारी मोठी गोष्ट म्हणजे तुलना. "दादाला बघ किती मार्क पडले", "ही गोरी, ती सावळी", "हा हुशार, तो ढ". बाबासाहेबांच्या शिक्षणासाठी थोरले बंधू आनंदराव यांनी शाळा सोडून नोकरी धरली, हे आपण कृतज्ञतेने सांगतो. पण ती गरिबीने लादलेली मजबुरी होती, मुले वाढवण्याची रीत नव्हे. आज दोन घास सुखाचे मिळत असतानाही एका मुलावर सगळी आशा आणि दुसऱ्याच्या वाट्याला टोमणे; भावाला क्लास आणि बहिणीला भांडी, हे कशासाठी? समाजातल्या उतरंडीविरुद्ध आपण लढतो. मग घरातच मुलांची उतरंड कशी लावतो?

उपाय खर्चाचे नाहीत. बाळ येण्याआधीच मोठ्या मुलाला सांगावे, पोटावर हात ठेवू द्यावा. बाळ आल्यावर लंगोट आणून देण्यासारखे छोटे काम द्यावे आणि शाबासकी द्यावी. रोज दहा-पंधरा मिनिटे फक्त त्याच्यासाठी ठेवावीत. आई थकलेली असेल तर ती बाबांनी द्यावीत. "मला बाळ आवडत नाही" असे ते म्हणाले, तर रागावू नये. "तुला राग आलाय, पण मारायचे नाही," एवढेच सांगावे. लहान मुलाला तान्ह्या बाळाजवळ एकटे सोडू नये.

भांडणात लगेच न्यायाधीश होऊ नये. मारामारी असेल तर आधी दोघांना वेगळे करावे, शांत झाल्यावर दोघांचे ऐकावे. "तू मोठी आहेस, तूच समजून घे" हे दर वेळी ऐकणारी मुलगी समजूतदार होत नाही, मनातून कडवट होते.

मात्र प्रत्येक गोष्ट "भावंडांचे भांडण" म्हणून सोडून देऊ नये. एकच मूल सतत मार खात असेल, भावंडाला घाबरत असेल, जखमा होत असतील, झोप, जेवण किंवा अभ्यास बिघडला असेल, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात दाखवावे. मूल मरणाची भाषा बोलत असेल, तर एक दिवसही थांबू नये. टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. मुलांसाठी 1098 आहे. यात लाज कसली? तापाला औषध घेतो, तसेच हे.

बुद्धांनी मैत्री आणि करुणेसोबत मुदिता शिकवली. दुसऱ्याच्या सुखात आनंद मानणे म्हणजे मुदिता. ती उपदेशाने येत नाही. ज्या मुलाला स्वतःचा वाटा नक्की मिळेल अशी खात्री असते, तेच भावंडाच्या यशावर मनापासून टाळी वाजवते. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण बुद्धांच्या शिकवणीतून घेतली, असे बाबासाहेबांनी 1954 साली आकाशवाणीवरील भाषणात सांगितले. ती बंधुता आधी आपल्या घरातल्या भावंडांत दिसू दे. आज घरी गेल्यावर एवढेच करू या: एका मुलाचे कौतुक करताना दुसऱ्याचे नाव घ्यायचे नाही.

जय भीम!