खोलीची अनामत



परीक्षा आटोपल्या, की पुण्या-नाशकात शिकणारी आपली मुले खोल्या सोडून गावी येतात. चौघांनी मिळून भरलेली अनामत मात्र पुष्कळदा मागेच राहते. आपल्या घरी तेवढ्यात एका हंगामाचे बियाणे येते. ती सोडून देऊ नये.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार जागेचा करार लेखी व नोंदलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदलेला नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे धरले जाते. तरीही पैसे दिल्याची पावती किंवा बँकेतील नोंद जपून ठेवावी.

करारात चौघांची नावे व प्रत्येकाचा वाटा लिहून घ्यावा. एकजण मध्येच निघाला, तर खोली रिकामी झाली नाही म्हणून मालक बहुधा पैसे देत नाही. अशा वेळी नव्या मुलाकडून ती रक्कम घ्यावी. पण मालकासमक्ष लिहून, सर्वांच्या सह्यांनिशी. नाहीतर मित्रामित्रांतच बांधाचे भांडण लागते.

खोली सोडताना करारातील मुदतीप्रमाणे लेखी सूचना द्यावी. वीजबिल भरावे, भिंती-नळ-पंख्यांचे फोटो काढावेत, किल्ल्यांची पोच घ्यावी. मालकाने कपात केल्यास बाबवार हिशेब मागावा.

बैलाचा सौदा आपण चार माणसांदेखत करतो. मुलाच्या खोलीचा व्यवहारही तसाच करावा.