‘खरी’ नावे कोणती?

ब्रिटनमध्ये मुलीचे नाव जरासे अपरिचित निघाले की नाके मुरडणारा एक वर्ग आहे. मेरी, ॲन, एलिझाबेथ ही काय ती खरी नावे. बाकीचे सारे आईबापांचे खूळ, असा त्यांचा निवाडा! परंपरेच्या या कैवाऱ्यांस आम्ही इतकेच विचारतो की, पामेला हे नाव कोठून आले? सर फिलिप सिडनीने ते आपल्या कथेकरिता रचले. व्हॅनेसा हे स्विफ्टने एका मैत्रिणीच्या आडनावाचा व नावाचा एकेक तुकडा सांधून घडविले. बॅरीचे ‘पीटर पॅन’ नाटक १९०४ साली रंगभूमीवर येईपर्यंत वेंडी नावाची मुलगी शोधूनच काढावी लागली असती.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८२० साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरी जन्मली, म्हणून तिला शहराचेच नाव मिळाले. थोरली बहीण नेपल्सची. तिच्या वाट्यास पार्थेनोपी हे तेथील प्राचीन ग्रीक वसाहतीचे नाव आले. (बिचारी!) क्रिमियाच्या युद्धात धाकटी गाजली आणि घरोघरी फ्लॉरेन्स नांदू लागल्या. मग लंडनच्या एका भागावरून मुलीस ‘चेल्सी’ म्हटले, तर हसू का यावे?

आमच्या मते हसू नावाचे नसतेच. ते ठेवणाऱ्या घराचे असते. सरदारकन्येचे विचित्र नाव ही रसिकता, मजुराच्या मुलीचे तसलेच नाव हा अडाणीपणा! तेथील कायदा संमत नावांची यादी लादीत नाही. ती यादी शाळेच्या पहिल्या दिवशी हजेरी घेताना मास्तरांच्या ओठांवर उमटणाऱ्या हास्यात असते, आणि पाच वर्षांच्या पोरीला ती बरोबर वाचता येते.