परिपथाची आकृति आणि संगणक

विज्ञानाच्या तासास विद्यार्थी वहींत विद्युत्-परिपथाची आकृति काढतात, शिक्षकांस दाखवितात, आणि तेथेंच तिचें आयुष्य संपतें. ती आकृति चालवून पाहण्याचें साधन आज साध्या संगणकावरही मिळतें. तें कसें वापरावें, याविषयीं आम्हांस थोडें लिहावेसें वाटतें.

अमेरिकेंतील बर्कले येथील विद्यापीठांत १९७३ सालीं ‘स्पाइस’ नांवाची आज्ञावली पुढें आली. घटकांचीं मूल्यें दिलीं असतां कोठें किती व्होल्ट व कोणत्या तारेंतून किती प्रवाह, हें ती गणितानें सांगते. तिच्याच वंशांतील ‘एन्जीस्पाइस’ व आकृति रेखाटणारें ‘कायकॅड’ यांची सांगड घालून मुंबईच्या आय. आय. टी.मधील फॉसी प्रकल्पानें ‘ईसिम’ तयार केलें आहे. तें विनामूल्य मिळतें. तेव्हां घरीं संगणक असल्यास पैशाची सबब उरत नाहीं.

यावर कांहीं पालक विचारतात कीं, मग हातानें गणित करण्याचा व सोल्डरिंगचा खटाटोप कशाला? येथें आमचा मतभेद आहे. ९ व्होल्टची बॅटरी व तांबडा एलईडी घ्या. दिव्यावर सुमारें २ व्होल्ट खर्च होतात. उरलेले ७ रोधानें घ्यावयाचे. प्रवाह २० मिलिअँपिअर हवा, तर ७ भागिलें ०.०२, म्हणजे ३५० ओहम. बाजारांत सहज मिळणारा जवळचा रोध ३३० चा. त्यानें प्रवाह सुमारें २१ होतो, व तो चालतो. आतां रोध वगळून हीच आकृति संगणकास द्या. तो कुरकुर करीत नाहीं. भला मोठा आंकडा तेवढा दाखवितो. टेबलावरचा दिवा मात्र बहुधा क्षणांत निकामी होतो. संगणकांतील दिवा म्हणजे केवळ समीकरण, आणि त्यांत जळण्याची अट सहसा घातलेली नसते. ज्यानें आधीं कागदावर अंदाज केला नाहीं, त्यास तो आंकडा पाहून कांहींच खटकणार नाहीं.

म्हणून प्रथम कागद, नंतर संगणक, शेवटीं सोल्डरिंग, हा क्रम मोडूं नये असें आमचें मत आहे. वीस-तीस घटकांचा परिपथ हातानें सोडविणें जिकिरीचें, हें खरें; एक मूल्य बदलून पुनःपुन्हा पाहण्याचें काम संगणकानेंच करावें.

आपल्या नाशिकांत सातपूर व अंबड येथें विजेचीं उपकरणें घडविणारे कारखाने आहेत. तेथें काम करणाऱ्या पालकांनीं, परवानगी घेऊन, एखादी निकामी सर्किटची पट्टी शाळेस आणून द्यावी. तीवरील तांब्याच्या वाटा पाहून मूळ आकृति वहींत उतरवितां येते काय, हें मुलांनीं पाहावें.