मोटर शेवटी निवडावी

हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचे पोते काट्यावर चढल्याखेरीज त्याची पट्टी होत नाही. पोत्यावर काय लिहिले आहे याला तेथे किंमत नसते. त्याच मोंढ्यातील एखाद्या व्यापाऱ्याचा मुलगा रिमोटवर उडणारे विमान बांधावयास घेतो, तेव्हा मात्र मोटरीवर छापलेला आकडा पाहून तो ती मागवतो आणि वडील तिची किंमत पाहून होकार देतात. विमानाचे वजन कोणीच केलेले नसते.

हिशेब खरे तर वजनापासूनच सुरू व्हावयास हवा. फोमचे, उंच पंखांचे शिकाऊ विमान बॅटरीसह एक किलो भरते असे धरू. अशा विमानाला दर किलोमागे १५० ते २०० वॅट शक्ती पुरते. कसरती करणाऱ्या विमानाला ३०० पर्यंत लागते. तीन सेलांची लिथियम पॉलिमर बॅटरी ११.१ व्होल्टची असते. म्हणजे २०० वॅटसाठी सुमारे १८ अँपिअर प्रवाह आला. त्यावरून ईएससी, म्हणजे मोटरीचा वेग नियंत्रित करणारे उपकरण, ३० अँपिअरचे घ्यावे. २२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण जोराने जेमतेम सहा मिनिटे चालेल, कारण तिच्यातील पाचवा हिस्सा शिल्लक ठेवावाच लागतो. तो मोडला की बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते.

यानंतर प्रोपेलर. त्यावर १०×५ असे लिहिलेले असते. पहिला आकडा व्यासाचा. दुसरा, एका फेऱ्यात प्रोपेलर न घसरता किती पुढे जाईल त्या अंतराचा, दोन्ही इंचांत. मोठा व्यास ओढ देतो, मोठा दुसरा आकडा वेग देतो. शिकाऊ विमानाला ओढ हवी. परंतु एकच इंच वाढवला तर काय बिघडले, हा विचार महागात पडतो. फेरे तेच ठेवले तर लागणारी शक्ती व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. दहाऐवजी अकरा इंची प्रोपेलर लावला की भार ४६ टक्क्यांनी चढतो. प्रत्यक्षात फेरे थोडे उतरतात, तरीही प्रवाह वाढतोच. चक्रवाढ व्याज ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मोजले गेले, त्यांना हे अधिक सांगावयास नको.

मोटर आता यावी. तिच्यावरील ‘केव्ही’ हा आकडा किलोव्होल्टचा नव्हे आणि ताकदीचाही नव्हे. एका व्होल्टला भाराविना किती फेरे, एवढेच तो सांगतो. १००० केव्हीची मोटर ११.१ व्होल्टवर मोकळी असता मिनिटाला ११,१०० फेरे घेईल. प्रोपेलर लावल्यावर ८,५०० च्या आसपास. ताकद जोखावयाची तर मोटरीचे वजन पाहावे. एका ग्रॅममागे तीन वॅट, हा सावध हिशेब. २०० वॅटसाठी सत्तर ग्रॅमच्या आतली मोटर घेऊच नये.

येथेच स्वस्त संचाची अडचण उभी राहते. २२१२ क्रमांकाची मोटर, ३० अँपिअरची ईएससी आणि १०×४.५ प्रोपेलर असा संच सर्वत्र मिळतो. तो मुळात चार प्रोपेलरांच्या ड्रोनसाठी प्रचलित झाला. ती मोटर सुमारे ५० ग्रॅमची. पाऊण किलोच्या विमानाला ती पुरते, एक किलोच्या विमानावर तापून जळते. प्रोपेलरचेही तसेच. एपीसी ही कंपनी आपल्या संथ उड्डाणाच्या प्रोपेलरांसाठी ६५,००० ला इंचांतील व्यासाने भागून मर्यादा देते, म्हणजे दहा इंचीला ६,५०० फेरे. तो ८,५०० फेऱ्यांवर चालवला तर पाते तुटून सुटू शकते, आणि समोर मुलाचा चेहरा असतो. दोनशे रुपये वाचवण्याची ही जागा नव्हे.

हिंगोलीच्या उन्हाळ्याचाही विचार करावा. शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच आहे; पारा ४२ अंशांवर गेला की हवा समुद्रकाठच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे आठव्या हिश्श्याने विरळ होते. तेवढ्याच फेऱ्यांत ओढ तितकीच कमी मिळते आणि मोटरही नीट थंड होत नाही. म्हणून १५० नव्हे, २०० वॅट धरावे.

सोयाबीन निघाल्यावर मोकळी झालेली राने उड्डाणाला सोयीची, पण काळ्या मातीच्या ढेकळांवर चाके टिकत नाहीत. विमान हातातून सोडावे आणि मिटणारा प्रोपेलर लावावा. उन्हाळ्यात तर आधी रान पायी पाहून घ्यावे, कारण टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. पाखरांचे थवे सकाळ-संध्याकाळ निघतात, तेव्हा विमान खालीच बरे. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचे यान ‘नॅनो’ आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचे ‘मायक्रो’ गणले जाते. एक किलोचे विमान म्हणजे केवळ खेळणे नव्हे. ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर जागा हिरव्या क्षेत्रात आहे का ते पाहावे आणि विमान नजरेआड जाऊ देऊ नये.

खरेदीच्या यादीत वॉटमीटर अवश्य असावा. तो बॅटरी आणि ईएससी यांच्यामध्ये जोडावा, विमान घट्ट धरून, प्रोपेलरच्या रेषेत कोणी उभे नसता काही सेकंद पूर्ण जोर द्यावा आणि आकडा वाचावा. १८ ऐवजी २६ अँपिअर दिसले तर लहान प्रोपेलर लावावा. तारांची जुळवाजुळव करताना मात्र प्रोपेलर काढूनच ठेवावा. मोटर उलटी फिरली तर तिच्या तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करावी. आणि प्रोपेलर बसवताना त्यावर छापलेली अक्षरे विमानाच्या पुढच्या दिशेला यावीत.