अम्मानपर्यंतचा रस्ता



२ ऑगस्ट २०२५ ला कुवेतवरच्या इराकी आक्रमणाला ३५ वर्षं झाली. आपले निम्मे सभासद तेव्हा जन्मलेही नव्हते, उरलेले बहुतेक भारतात शाळा-कॉलेजात होते. ते दिवस इथे कुवेतमध्ये राहून पाहिलेली माणसं आता आपल्या मंडळात मोजकीच उरली आहेत आणि तीही एकेक करून निवृत्त होऊन पुण्या-ठाण्याला, रत्नागिरीला परतत आहेत. ऑगस्टच्या अंकात स्वातंत्र्यदिन आणि गणपती यांवर संपादकीय लिहायची आपली पद्धत आहे. यंदा ती बाजूला ठेवली, कारण जूनमधली ती रात्र.

२३ जूनच्या संध्याकाळी इराणनं कतारमधल्या अल उदेद या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली. कतारचं आकाश बंद होतंच, पाठोपाठ बहारीन, अमिराती आणि आपलं कुवेत यांनीही हवाई हद्द बंद केली. वाटेत असलेली विमानं वळवली गेली, काही माघारी फिरली. काही तासांत सगळं पुन्हा सुरू झालं, हे आपलं भाग्य. पण त्या काही तासांत मंडळाच्या ग्रुपवर फिरणारा प्रश्न एकच होता: हे दोन दिवसांत उघडलं नाही तर काय करायचं? कुणी म्हणालं दूतावास बघेल, कुणी म्हणालं भारत सरकार विमानं पाठवेल. बंद आकाशात ती विमानं कुठे उतरतील, हे मात्र कुणी विचारलं नाही.

१९९० मध्ये ती अम्मानला उतरली होती.

एअर इंडियानं ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या करून एक लाखाहून अधिक भारतीयांना मुंबईला आणलं. त्याची नोंद गिनीज बुकात आहे, २०१६ मध्ये त्यावर ‘एअरलिफ्ट’ हा हिंदी सिनेमाही निघाला. त्या कामाचा अभिमान वाटायलाच हवा. पण त्या आकड्यांच्या झगमगाटात एक साधी गोष्ट झाकली गेली आहे. त्या फेऱ्या कुवेतहून नव्हत्या. कुवेतचा विमानतळ पहिल्याच पहाटे इराकी सैन्याच्या हाती गेला होता. विमान होतं अम्मानला, जॉर्डनच्या राजधानीत, आणि इथून तिथपर्यंत रस्ता होता सुमारे दीड हजार किलोमीटरचा, तोही ज्या देशानं आक्रमण केलं त्याच देशातून, ऐन ऑगस्टच्या उन्हात. सुटकेतला अवघड भाग हा होता आणि त्यातला बराचसा लोकांनी स्वतः पार केला.

हा रस्ता कसा होता ते ज्येष्ठ सभासदांकडून ऐकावं. सफवानची सीमा ओलांडायची, बसरा गाठायचं, तिथून बगदाद. बगदादहून पश्चिमेला रुतबाच्या वाळवंटातून त्रेबीलच्या नाक्यावर. पलीकडे जॉर्डनमधलं रुवैशिद आणि मग अम्मान. कुणी आपल्या गाडीत पेट्रोल, पाणी, खुबूस रोट्या आणि मुलं भरून निघालं. कुणी वर्गणी काढून इराकी बस ठरवली. नाक्यानाक्यावर सैनिक कागद तपासत, सामान उपसत. जे आवडेल ते कधी कधी तिथेच राहत असे. बायकांनी दागिने तान्ह्या बाळांच्या दुपट्यांत शिवले होते. खिशातल्या दिनारांचा तर भरवसाच उरला नव्हता. इराकनं कुवेती दिनार इराकी दिनाराच्या बरोबरीचा ठरवून टाकला आणि आयुष्यभराच्या बचतीची किंमत रातोरात कोसळली. बँकेतले पैसे बँकेतच अडकले.

सगळ्यात वाईट हाल झाले ते दोन देशांच्या मधल्या पट्ट्यात. इराकनं जाऊ दिलं आहे, जॉर्डननं अजून घेतलेलं नाही, अशा अवस्थेत हजारो माणसं उघड्या वाळवंटात थांबली. भारतीय, बांगलादेशी, श्रीलंकन, फिलिपिनो, इजिप्शियन, सगळेच. त्या पट्ट्यातल्या शालानच्या छावणीत सुरुवातीला ना पुरेसं पाणी होतं ना सावली. दिवसा ऊन, रात्री विंचू. गर्दी आवरेना तेव्हा ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यात जॉर्डननं दोनेक दिवस सीमाच बंद केली. पण जॉर्डनविषयी कृतज्ञताच वाटावी. स्वतःची तिजोरी रिकामी असताना त्या छोट्याशा देशानं सात लाखांहून अधिक परक्या माणसांना आपल्या भूमीतून वाट दिली. आपण भारतीय ही गोष्ट फार लवकर विसरलो.

सरकारवर इथे टीका करायची नाही. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दाम हुसेन यांना भेटले, त्यांची गळाभेट झाली. त्या छायाचित्रावर जगभर टीका झाली. माझं मत स्पष्ट आहे: त्या भेटीमुळे पावणेदोन लाख भारतीयांची वाट मोकळी व्हायला मदत झाली असेल, तर ती टीका सोसण्यासारखीच होती. इराकनं वकिलाती बंद करायला २४ ऑगस्टची मुदत दिल्यावर आपला दूतावास बसऱ्याला हलला. बसरा, बगदाद आणि अम्मान इथल्या आपल्या अधिकाऱ्यांनी अफाट काम केलं. पण दूतावासात माणसं असतात काही डझन आणि इथे भारतीय होते पावणेदोन लाखांच्या आसपास. मधली जागा समाजानं भरली. मथुन्नी मॅथ्यूज, हरभजनसिंग वेदी यांच्यासारखी माणसं पुढे झाली, समित्या झाल्या, शाळेच्या इमारतीत बेघर झालेल्यांची सोय झाली, अन्न वाटलं गेलं, बसगाड्यांच्या याद्या झाल्या. सिनेमात हे सगळं एकट्या नायकाच्या खांद्यावर दिलं आहे. प्रत्यक्षात त्यात शेकडो माणसं होती. कोणत्या बसमध्ये कोण बसलं हे वहीत लिहिणारे, औषधं गोळा करणारे, एकट्या बाईला आपल्या कुटुंबाबरोबर जोडून घेणारे. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

या सगळ्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येते आणि तिच्यासाठीच हा लेख लिहिला. रस्त्यावर पैशापेक्षाही कागद नसणाऱ्यांचे हाल जास्त झाले. हजारोंचे पासपोर्ट त्यांच्या हातात नव्हतेच. ते कफीलच्या, म्हणजे जामीनदार मालकाच्या, तिजोरीत होते आणि कफील २ ऑगस्टलाच सौदीला निघून गेला होता किंवा त्याच्या दुकानाला, घराला टाळं होतं. कोण कुठल्या देशाचा हे सांगायलाही पुरावा नाही, अशा माणसांना दूतावासानं प्रवासाचे तात्पुरते कागद करून दिले. त्यासाठी उन्हात रांगा लागल्या. ड्रायव्हर, स्वयंपाकी, घरकाम करणाऱ्या बायका, बांधकामावरचे मजूर हेच त्या रांगेत सर्वांत जास्त होते.

आज कायद्यानं मालकाला कामगाराचा पासपोर्ट ठेवून घेता येत नाही. तरीही आपल्यापैकी किती जणांचा पासपोर्ट या क्षणी कंपनीची सरकारी कामं पाहणाऱ्या मंदूबकडे ‘इकामा लावायला’, म्हणजे रहिवासी परवान्यासाठी, गेलेला आहे आणि महिनोन्‌महिने तिथेच आहे? काम झालं की तो परत मागून घ्या. मागायला संकोच वाटू देऊ नका, तो तुमचा आहे.

कागदाचं महत्त्व पुढे अजून एकदा कळलं. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी भरपाईसाठी आयोग नेमला आणि इराकच्या तेलाच्या उत्पन्नातला हिस्सा त्यासाठी वळवला. २ ऑगस्ट १९९० ते २ मार्च १९९१ या काळात ज्याला इराक किंवा कुवेत सोडावं लागलं, त्याला एक ठरावीक रक्कम मिळणार होती: एकट्या माणसाला अडीच हजार डॉलर, इतर कोणताही दावा करणार नसेल तर चार हजार. कुटुंबाला याच्या दुप्पट. दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयात त्यासाठी कुवेतचा खास कक्ष उघडला गेला. कोकणातल्या, केरळातल्या, पंजाबातल्या कितीतरी घरांना त्या पैशानं पुन्हा उभं केलं. अट एवढीच, की आपण तिथे होतो आणि तिथून निघालो हे दिसायला हवं. ज्यांच्या पासपोर्टवर शिक्का होता, ज्यांचं नाव कुठल्यातरी यादीत होतं, त्यांचं काम सोपं गेलं. घर, सामान, पगार यांच्या वेगळ्या दाव्यांना तर पावत्या आणि करारपत्रंच हवी होती. या भरपाईचा शेवटचा हप्ता दिला गेला तो २०२२ च्या जानेवारीत, एकूण रक्कम ५२ अब्ज डॉलरच्या वर. म्हणून पळतानासुद्धा पगाराचं पत्र, भाड्याचा करार, बँकेचा हिशेब यांची प्रत जवळ असावी. आज ती फोनमध्ये ठेवता येते, तशीच भारतातल्या नातेवाइकाकडेही. फोन हरवतात, चार्जिंग संपतं, म्हणून एक कागदी संचसुद्धा हवा.

मधल्या काळात इतर ठिकाणी काय झालं? युक्रेनमध्ये २ मार्च २०२२ ला आपल्या दूतावासानं खारकिवमधल्या विद्यार्थ्यांना सांगितलं की बस-ट्रेन मिळत नसेल तर चालत निघा आणि पिसोचिन, बाबाये, बेझल्युदिव्का या गावांपर्यंत संध्याकाळच्या आत पोचा. सुदानमध्ये २०२३ मध्ये खार्तूमहून पोर्ट सुदानपर्यंत आठशेहून अधिक किलोमीटर बसनं जावं लागलं. जहाज तिथे होतं. जून २०२५ मध्ये इराणातल्या आपल्या विद्यार्थ्यांची पहिली तुकडी रस्त्यानं आर्मेनियात गेली आणि येरेवानहून विमानात बसली. प्रत्येक वेळी विमान किंवा जहाज शेजारच्या देशात किंवा दूरच्या बंदरात होतं. प्रत्येक वेळी तिथवरचा रस्ता ज्याचा त्यानं, सोबतच्या माणसांच्या आधारानं कापला.

मग आपला रस्ता कोणता? इराककडचा अब्दलीचा नाका सोडला तर सौदीकडे दोन वाटा आहेत, दक्षिणेला नुवैसीब आणि पश्चिमेला सालमी. नुवैसीबवरून दम्मामचा विमानतळ चारशे किलोमीटरच्या आसपास आहे, एका दिवसाचं अंतर. अंतराची चिंता नाही, परवानग्यांची आहे. गल्फमधल्या रहिवाशाला सौदीचा ई-व्हिसा मिळतो, पण इकामा किमान तीन महिने आणि पासपोर्ट किमान सहा महिने वैध असावा लागतो. ज्यांचा इकामा संपत आला आहे त्यांनी आजच तारीख पाहावी. आपल्याकडे व्हिजिट व्हिसावर आलेले आई-वडील मात्र इथले रहिवासी नाहीत, म्हणून त्यांना ही सवलत लागू नाही. मुलगा, सून, नातवंडं नाक्यापलीकडे जातील आणि आजी-आजोबा अलीकडे राहतील, असा प्रसंग येऊ शकतो. मला या सगळ्यात सर्वांत जास्त काळजी वाटते ती त्यांची. आई-बाबांना बोलावतानाच त्यांच्या सौदी व्हिसाची वाट कोणती, हे ट्रॅव्हल एजंटाकडून समजून घ्या.

दुसरी गोष्ट नवी आहे. १ जुलै २०२५ पासून खाजगी नोकरीतल्या, म्हणजे कलम १८ खालच्या परदेशी कामगाराला देश सोडण्याआधी मालकाची ऑनलाइन परवानगी लागते. नेहमीच्या सुट्टीला ती मिळून जाते. पण कार्यालयं बंद आहेत, मालक सापडत नाही, नेट चालत नाही, अशा दिवशी काय, हा प्रश्न कंपनीतल्या जबाबदार माणसाला शांततेच्या काळातच विचारून ठेवा. गाडीचंही तेच. दफ्तर, म्हणजे गाडीची नोंदणी, तुमच्या नावावर आहे का? कर्जाची किंवा कंपनीची गाडी असेल तर सीमेपलीकडे न्यायचं पत्र लागतं, ते नाक्यावर जाऊन मिळत नाही.

कधी निघायचं, याला नियम नाही. १९९० मध्ये पहिल्या आठवड्यात निघालेल्यांना वाटेत काहीच सोय मिळाली नाही. महिनाभर थांबलेल्यांना बस आणि विमान मिळालं, पण तोवर कुवेतमध्ये अन्नाची टंचाई होती. एवढं मात्र ज्येष्ठ सभासद एकमुखानं सांगतात, की एकटं निघू नये आणि ऐकीव बातमीवर निघू नये. त्यांच्या वेळी आकाशवाणी आणि बीबीसी ऐकायला शॉर्टवेव्ह रेडिओ होता. आपल्याकडे ग्रुपवर येणारे शेकडो मेसेज आहेत आणि त्यांतला खरा कोणता हे ठरवणारं कुणी नाही.

म्हणून कार्यकारिणीनं एक निर्णय घेतला आहे. मंडळ प्रत्येक विभागाची यादी करणार आहे: सालमिया, अब्बासिया, फरवानिया, मंगफ, फहाहील, महबूला. कुटुंबात कोण आहे, गाडीत किती जागा रिकाम्या, कुणाला नियमित औषध लागतं, कुणाचे आई-वडील आले आहेत, भारतात कुणाला कळवायचं. प्रत्येक विभागाला दोन जबाबदार व्यक्ती असतील, त्यांत एक स्त्री. दूतावासाकडून आलेली सूचनाच त्या पुढे पाठवतील, दुसरं काही नाही. यादी मंडळाबाहेर जाणार नाही.

ही यादी फक्त वर्गणी भरलेल्या सभासदांची नसेल. तुमच्या इमारतीतला कोल्हापूरचा ड्रायव्हर, हॉस्पिटलमधली नांदेडची नर्स, शेजाऱ्यांकडे घरकाम करणारी बाई, म्हसळ्या-श्रीवर्धनहून आलेला दुकानातला मुलगा यांची नावं त्यात यायलाच हवीत. ३५ वर्षांपूर्वी ज्यांच्या हातात कागद नव्हता ती हीच माणसं होती. ते आपल्या कार्यक्रमांना येत नाहीत, कारण आपण त्यांना कधी बोलावलं नाही.

२७ ऑगस्ट २०२५ ला गणेश चतुर्थी आहे. आरतीला याल तेव्हा प्रवेशाजवळच्या टेबलावर एकपानी अर्ज असेल. तो तिथेच भरून द्या, सोबत पासपोर्ट आणि सिव्हिल आयडीच्या तारखा लिहून आणा. आणि येताना निदान एका बिनसभासदाला बरोबर घेऊन या.

आपला,
संपादक